पुन्हा लिहिलेली रचना

गाण्याच्या मैफलीत गायकाच्या शेजारी बसून सारंगी वाजवणारा वादक तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हातातला गज तारांवरून फिरतो आणि माणसाच्या गळ्यासारखा सूर निघतो. युरोपच्या संगीतातही गजाने वाजवायचे असेच एक वाद्य आहे. त्याचे नाव चेलो. चेलो दिसायला व्हायोलिनसारखे असते. परंतु ते इतके मोठे असते की खांद्यावर धरता येत नाही. वादक खुर्चीवर बसतो, वाद्य दोन्ही गुडघ्यांमध्ये उभे धरतो आणि त्याच्या चार तारांवर गज फिरवतो. चेलोचा आवाज खोल आणि गंभीर असतो.

रशियातील संगीतकारांनी या वाद्यासाठी पुष्कळ लिहिले. चायकोव्हस्की, रखमानिनोव्ह, शोस्ताकोविच यांच्या चेलोसाठी लिहिलेल्या रचना आज जगभर वाजवल्या जातात. त्यांच्याच मालिकेतले एक मोठे नाव म्हणजे सर्गेई प्रोकोफिएव्ह. लहान मुले त्यांना ‘पीटर आणि लांडगा’ या संगीतकथेमुळे ओळखतात. चेलोवादक मात्र त्यांचे नाव घेतात ते एका वेगळ्याच रचनेसाठी. ती रचना पहिल्यांदा वाजली तेव्हा साफ फसली होती. त्यानंतर कित्येक वर्षांनी, आजारपणात आणि अपमानाच्या दिवसांत, प्रोकोफिएव्ह यांनी ती पुन्हा लिहायला घेतली. त्यांच्या आयुष्याची ही गोष्ट आहे.

सर्गेई प्रोकोफिएव्ह यांचा जन्म एप्रिल १८९१ मध्ये सोंत्सोव्का या खेड्यात झाला. हे खेडे युक्रेनच्या दोनेत्स्क भागात आहे. त्या काळी हा सगळा मुलूख रशियन साम्राज्यात होता. वडील शेतीतज्ज्ञ होते. ते एका जमीनदाराच्या जमिनीचा कारभार पाहत. आई मारिया पियानो वाजवत असे. सर्गेईच्या आधी झालेल्या दोन मुली लहानपणीच वारल्या होत्या. त्यामुळे सर्गेई आईवडिलांच्या गळ्यातला ताईत होता.

आई पियानोवर बसली की छोटा सर्गेई तिच्याजवळ येऊन ऐकत राही. एके दिवशी त्याने कागदावर रेघा आखल्या, त्यांवर गोल गोल टिंबे काढली आणि आपण एका मोठ्या संगीतकाराची रचना लिहिली आहे, असे आईला सांगितले. आईला हसू आले. दुसऱ्याची रचना आपण लिहू शकत नाही आणि संगीत लिहायला नऊ रेघा नव्हे, पाच रेघा लागतात, हे तिने त्याला समजावून सांगितले. सर्गेईने ते नीट ऐकून घेतले. काही दिवसांनी त्याने पियानोवर खरोखरच स्वतःची एक लहानशी धून बसवली. ती आईने कागदावर उतरवून घेतली. त्या वेळी त्याचे वय अवघे पाच वर्षांचे होते.

या धूनचे नाव ऐकून तुम्हांला नवल वाटेल. सर्गेईने तिला ‘हिंदुस्थानी गॅलप’ असे नाव दिले होते. गॅलप म्हणजे घोडदौडीसारख्या जलद लयीचे नाचाचे संगीत. त्या सुमारास हिंदुस्थानात मोठा दुष्काळ पडला होता. १८९६-९७ सालच्या या दुष्काळाची झळ आपल्या मुंबई इलाख्यालाही बसली होती. त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत आणि घरातली मोठी माणसे त्यांविषयी बोलत. मुलाच्या कानांवर ते शब्द पडले आणि नाव ठरले. या धूनमध्ये पियानोची एकही काळी पट्टी नव्हती. काळ्या पट्ट्यांना हात लावण्याचे धाडस त्याला अजून होत नव्हते.

पुढे त्याची प्रगती झपाट्याने झाली. नवव्या वर्षी त्याने एक छोटी संगीतिका लिहिली. १९०२ आणि १९०३ या दोन उन्हाळ्यांत ग्लिएर नावाचे तरुण संगीतकार सोंत्सोव्काला येऊन राहिले आणि त्यांनी त्याला रीतसर शिकवले. १९०४ मध्ये सर्गेई सेंट पीटर्सबर्ग येथील प्रसिद्ध संगीतविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसला. त्याच्या हातात स्वतःच्या रचनांच्या दोन जाड फाइली होत्या. त्यांत चार संगीतिका होत्या, एक सिंफनी होती आणि पियानोचे पुष्कळ तुकडे होते. समोर रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्यासारखे नामवंत परीक्षक बसले होते. तेरा वर्षांच्या मुलाच्या या फाइली पाहून त्यांनी तोंडात बोटे घातली. सर्गेईला प्रवेश मिळाला.

वर्गातले बहुतेक विद्यार्थी त्याच्यापेक्षा वयाने बरेच मोठे होते. सर्गेई हुशार होता. पण नम्रपणा त्याच्याजवळ कमी होता. त्याने एक विचित्र उद्योग सुरू केला. कोणता विद्यार्थी गृहपाठात किती आणि कोणत्या चुका करतो, याची तो वहीत नोंद ठेवू लागला. साहजिकच सोबती त्याच्यावर चिडले. दुसऱ्याच्या चुका मोजणे सोपे असते. स्वतःची चूक कबूल करून ती सुधारणे किती अवघड आहे, हे त्याला पुढे आयुष्यात कळायचे होते.

प्रोकोफिएव्ह यांच्या स्वभावाच्या आणखी काही गमती सांगण्यासारख्या आहेत. बुद्धिबळाचा त्यांना फार नाद होता. १९१४ मध्ये कापाब्लांका हा विख्यात बुद्धिबळपटू एकाच वेळी अनेकांशी खेळत होता. त्यांतल्या एका डावात प्रोकोफिएव्ह यांनी त्याला हरवले. त्यांची लिहिण्याची पद्धतही निराळी होती. ते शब्दांतले स्वर गाळून नुसती व्यंजने लिहीत. सहीसुद्धा तशीच करीत. उर्दू लिहिताना आपण जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाही आणि तरीही शब्द बरोबर वाचतो. तसाच काहीसा हा प्रकार होता.

विद्यालयात असतानाच, १९१२ मध्ये, त्यांनी चेलो आणि पियानो यांच्यासाठी ‘बॅलड’ नावाची एक रचना लिहिली. चेलोशी त्यांचा संबंध असा तरुणपणीच जुळला होता. १९१४ मध्ये विद्यालयाची शेवटची स्पर्धा झाली. स्पर्धक सहसा जुन्या थोर संगीतकारांच्या रचना वाजवत. प्रोकोफिएव्ह यांनी मात्र स्वतःचा पियानो कन्चेर्टो वाजवला. तो त्यांनी आधीच छापून घेतला होता, म्हणून परीक्षकांच्या मांडीवर त्याच्या प्रती होत्या. काही जुन्या मंडळींना हा आगाऊपणा वाटला. तरीही पहिले बक्षीस त्यांनाच मिळाले. बक्षीस म्हणून एक पियानो होता.

कन्चेर्टो म्हणजे काय, हे येथे समजून घेऊ. कन्चेर्टोमध्ये एका बाजूला एकच प्रमुख वादक असतो आणि दुसऱ्या बाजूला पन्नास-साठ किंवा त्याहून अधिक वादकांचा वाद्यवृंद असतो. दोघांमध्ये जणू सवालजवाब चालतात. कधी दोघे एकत्र वाजतात, कधी एक थांबून दुसऱ्याचे ऐकतो. पियानोचा आवाज मोठा असतो. व्हायोलिनचा सूर उंच असल्यामुळे तो सगळ्यांच्या वरून ऐकू येतो. चेलोचे तसे नसते. त्याचा सूर खालचा असतो. वाद्यवृंद जोरात वाजू लागला, तर चेलोचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून चेलोसाठी कन्चेर्टो लिहिणे ही मोठी कसोटी मानली जाते.

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. देशात धामधूम माजली. १९१८ मध्ये प्रोकोफिएव्ह यांनी परवानगी घेऊन देश सोडला. सायबेरिया ओलांडून ते जपानला गेले आणि तेथून अमेरिकेला पोहोचले. १९२१ मध्ये शिकागो येथे त्यांची ‘तीन संत्र्यांचे प्रेम’ ही संगीतिका रंगमंचावर आली. १९२३ मध्ये त्यांनी लीना नावाच्या गायिकेशी विवाह केला. पुढे त्यांना दोन मुलगे झाले. हे कुटुंब पॅरिसमध्ये राहू लागले. परदेशात त्यांना कीर्ती मिळाली. पण मायदेशाची ओढ काही कमी झाली नाही. अखेर १९३६ मध्ये ते बायकामुलांसह मॉस्कोला कायमचे परत आले.

त्याच वर्षी त्यांनी मुलांसाठी ‘पीटर आणि लांडगा’ ही संगीतकथा लिहिली. तिच्यात प्रत्येक पात्राला एक वाद्य दिलेले आहे. पक्ष्यासाठी बासरी, मांजरासाठी क्लॅरिनेट आणि लांडग्यासाठी हॉर्न वाजतो. धाडसी पीटर आला की व्हायोलिन, चेलो अशी तारांची वाद्ये वाजतात. गोष्ट ऐकता ऐकता मुलांना वाद्यांची ओळख होते. आज जगातल्या कितीतरी शाळांमध्ये ही कथा ऐकवली जाते.

आता आपण त्या फसलेल्या रचनेकडे वळू. प्यातिगोर्स्की नावाचे एक थोर चेलोवादक होते. तेही रशिया सोडून गेलेले होते. आपल्या वाद्यासाठी एक कन्चेर्टो लिहून द्यावा, असा आग्रह त्यांनी प्रोकोफिएव्ह यांना केला. १९३३ मध्ये पॅरिसमध्ये प्रोकोफिएव्ह यांनी लेखनाला सुरुवात केली. परंतु मध्येच इतर कामे आली, घर बदलले, देशही बदलला. रचना रखडली. ती पुरी व्हायला १९३८ साल उजाडले.

२६ नोव्हेंबर १९३८ रोजी मॉस्कोमध्ये हा चेलो कन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला गेला. श्रोत्यांना तो आवडला नाही. तो विस्कळीत वाटला, त्याचे भाग एकमेकांना नीट जोडलेले वाटले नाहीत. कोणी वादकाला दोष दिला, कोणी रचनेला. १९४० मध्ये प्यातिगोर्स्की यांनी तो अमेरिकेत बोस्टन येथे वाजवला. तरीही त्याचे नशीब उघडले नाही. हळूहळू लोक त्याला विसरले. प्रोकोफिएव्ह यांच्या नावावर तोपर्यंत इतक्या यशस्वी रचना होत्या, की ही एक विसरली गेली असती तरी त्यांच्या कीर्तीत काही उणे पडले नसते.

१९४१ मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली. प्रोकोफिएव्ह यांना मॉस्को सोडून दूरच्या गावी जावे लागले. त्याच वर्षी ते लीनापासून वेगळे झाले. युद्धकाळातही त्यांचे लेखन थांबले नाही. १३ जानेवारी १९४५ रोजी त्यांच्या पाचव्या सिंफनीचा पहिला प्रयोग मॉस्कोमध्ये झाला. वाद्यवृंदाचे संचालन ते स्वतः करणार होते. त्यांनी हातातली छडी उचलली, तोच बाहेर तोफा धडाडल्या. रशियन सैन्याच्या आगेकुचीबद्दल ही सलामी होती. तोफा शांत होईपर्यंत ते छडी उंचावून थांबले आणि मग सिंफनी सुरू झाली. त्या रात्री त्यांचा फार मोठा गौरव झाला.

परंतु सुखाचे हे दिवस टिकले नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना चक्कर आली. ते खाली कोसळले आणि डोक्याला जबर मार लागला. आधीच त्यांना रक्तदाबाचा विकार होता. या दुखण्यातून ते पुरते बरे कधीच झाले नाहीत. रोज थोडाच वेळ काम करायचे, असे बंधन डॉक्टरांनी घातले. ज्या माणसाला सकाळपासून लिहीत बसण्याची सवय होती, त्याला आता घड्याळाकडे पाहून लेखणी खाली ठेवावी लागे. मॉस्कोजवळच्या निकोलिना गोरा या गावी त्यांचे एक घर होते. तेथे ते बराच काळ राहू लागले.

अशा वेळी त्यांच्या आयुष्यात एक तरुण आला. त्याचे नाव म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच. तो १९२७ मध्ये बाकू शहरात जन्मला होता. त्याचे वडीलही चेलोवादक होते. युद्धाच्या दिवसांत वडिलांचे छत्र हरपले, तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. तरीही त्याने शिक्षण सोडले नाही. मॉस्कोच्या संगीतविद्यालयात त्याने जिवापाड मेहनत केली. प्रोकोफिएव्ह यांचा तो विसरलेला कन्चेर्टो त्याच्या हाती लागला. सगळ्यांनी टाकून दिलेली ती रचना त्याला आवडली. १९४७ साल संपता संपता, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने ती मॉस्कोमध्ये वाजवली.

श्रोत्यांमध्ये स्वतः प्रोकोफिएव्ह बसले होते. नऊ वर्षांपूर्वी फसलेली आपली रचना ते पुन्हा ऐकत होते. या वेळी वादक उत्तम होता. त्यामुळे रचनेत चांगले काय आहे आणि कच्चे काय आहे, हे दोन्ही त्यांना स्पष्ट ऐकू आले. त्यांना वादकावर ठपका ठेवता आला नसता आणि त्यांनी तो ठेवलाही नाही. कार्यक्रम संपल्यावर ते त्या तरुणाला भेटले. त्याच्या वादनाचे त्यांनी कौतुक केले आणि ही रचना आपण पुन्हा लिहू, असे त्याला सांगितले. त्यांचे वय तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते.

पण लगेच संकट ओढवले. त्या काळी रशियात स्टालिनची सत्ता होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये सत्ताधारी पक्षाने एक ठराव काढला. प्रोकोफिएव्ह, शोस्ताकोविच, खाचातुरियान, म्यास्कोव्हस्की अशा पहिल्या दर्जाच्या संगीतकारांची त्यात नावे घेऊन निंदा केली होती. त्यांचे संगीत जनतेला समजत नाही, ते देशाच्या कामाचे नाही, असा आरोप होता. प्रोकोफिएव्ह यांच्या अनेक रचना वाजवण्यावर बंदी आली. त्याच महिन्यात त्यांच्या दोन्ही मुलांची आई लीना हिला अटक झाली. तिला वीस वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. ती सुटली, तेव्हा १९५६ साल उजाडले होते.

प्रोकोफिएव्ह यांना आपल्या तथाकथित चुका कबूल करणारे पत्र लिहावे लागले. ते धाकाने लिहिलेले पत्र होते. जिथे चूक नव्हती, तिथे चूक मान्य करण्याची पाळी त्यांच्यावर आली. ज्यांनी काल टाळ्या वाजवल्या, त्यांपैकी अनेकांनी आज पाठ फिरवली. कार्यक्रम बंद झाल्यामुळे मिळकतही आटली. एकदा तर घरात जेवणखाणासाठीही पैसे नव्हते. तेव्हा रोस्त्रोपोविच संगीतकारांच्या संघाच्या कचेरीत गेला आणि त्यांच्यासाठी पैसे मिळवून आणले. ही आठवण त्याने स्वतःच पुढे सांगितली आहे. पुढल्या वर्षी बंदी उठली. पण लोकांच्या मनातली भीती उठली नाही.

या दिवसांत प्रोकोफिएव्ह यांनी लिहिणे सोडले असते, तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. शरीर थकले होते, मन दुखावले होते. पण त्यांनी हातपाय गाळले नाहीत. रोस्त्रोपोविचचे वादन ऐकून त्यांना चेलोची गोडी पुन्हा लागली होती. १९४९ मध्ये त्यांनी चेलो आणि पियानो यांच्यासाठी एक सोनाटा लिहिला. तो लोकांसमोर वाजवण्याआधी संघातल्या मंडळींना ऐकवावा लागला. त्यांनी मान्यता दिली, तेव्हाच १ मार्च १९५० रोजी मॉस्कोमध्ये त्याचा जाहीर कार्यक्रम झाला. चेलोवर रोस्त्रोपोविच होता आणि पियानोवर स्व्यातोस्लाव रिख्टर हा असामान्य कलावंत होता. या सोनाट्याची सुरुवात एकट्या चेलोच्या अगदी खालच्या, शांत सुरांनी होते. त्यात कोठेही तक्रार किंवा त्रागा ऐकू येत नाही.

त्यानंतर जुन्या कन्चेर्टोची वही उघडली गेली. उन्हाळ्यात रोस्त्रोपोविच निकोलिना गोराला येऊन राही. दोघे मिळून काम करीत. प्रोकोफिएव्ह पियानोवादक होते, चेलो त्यांना वाजवता येत नव्हता. गजाने कोणता सूर सहज निघेल, बोटे कुठवर पोहोचतील, वाद्यवृंदाच्या गलबल्यातून चेलोचा आवाज वर कसा येईल, हे सगळे ते त्या तरुणाला विचारत. तो वाजवून दाखवी. ते ऐकत, लिहीत, खोडत आणि पुन्हा लिहीत. एकेकाळी सोबत्यांच्या चुका वहीत टिपणारा मुलगा आता वयाने छत्तीस वर्षांनी लहान असलेल्या वादकाकडून शिकत होता. गुरू कोण आणि शागीर्द कोण, हे सांगणे कठीण झाले होते.

जुन्या रचनेतले जे चांगले होते, ते त्यांनी ठेवले. जे सैल होते, ते काढून टाकले. पुष्कळसे नवे लिहिले. डॉक्टरांचा धाक होताच. रोज थोडे थोडे काम होई. १८ फेब्रुवारी १९५२ रोजी नवा कन्चेर्टो मॉस्कोमध्ये वाजला. रोस्त्रोपोविचने चेलो वाजवला. वाद्यवृंदाचे संचालन रिख्टरने केले. त्याच्या बोटाला दुखापत झाल्यामुळे त्याला पियानो वाजवता येत नव्हता, म्हणून त्याने हे काम अंगावर घेतले. पुढे आयुष्यात त्याने पुन्हा कधी वाद्यवृंदाचे संचालन केले नाही.

एवढी मेहनत केल्यावर या वेळी यशाचा डंका वाजला असेल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे घडले नाही. काहींना रचना आवडली, काहींनी नाके मुरडली. प्रोकोफिएव्ह यांनी पुन्हा लेखणी उचलली. कुठे काय कमी पडते, हे त्यांनी पुन्हा तपासले आणि तिसऱ्यांदा बदल केले. या नव्या रूपात वाद्यवृंदाला चेलोइतकेच महत्त्व होते. म्हणून त्यांनी तिला ‘सिंफनी-कन्चेर्टो’ असे नाव दिले आणि ती रोस्त्रोपोविचला अर्पण केली. सुमारे चाळीस मिनिटांची ही रचना चेलोच्या सर्वांत अवघड रचनांपैकी एक मानली जाते.

या शेवटच्या रूपातली रचना ऐकण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही. ५ मार्च १९५३ रोजी संध्याकाळी मॉस्कोमध्ये त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की त्याच संध्याकाळी स्टालिनचाही मृत्यू झाला. स्टालिनच्या अंत्यदर्शनासाठी रस्तोरस्ती माणसांचा महापूर लोटला होता. प्रोकोफिएव्ह यांचे घर त्याच भागात होते. गाडी घरापर्यंत येऊ शकत नव्हती. शहरात फुले मिळत नव्हती, कारण सगळी फुले एकाच ठिकाणी जात होती. शेजाऱ्यांनी घरातल्या कुंड्यांतली रोपे आणून दिली. मोजक्या माणसांनी त्यांना अखेरचा निरोप दिला. त्यांच्या मृत्यूची बातमीसुद्धा वर्तमानपत्रांत काही दिवस उशिराने आली.

त्यांच्या टेबलावर अपुऱ्या राहिलेल्या कागदांत चेलोच्याच दोन रचना होत्या. एक छोटा कन्चेर्टो आणि दुसरा एकट्या चेलोसाठी लिहायला घेतलेला सोनाटा. छोटा कन्चेर्टो रोस्त्रोपोविच आणि संगीतकार काबालेव्हस्की यांनी पुरा केला.

९ डिसेंबर १९५४ रोजी डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात रोस्त्रोपोविचने ‘सिंफनी-कन्चेर्टो’ त्याच्या अखेरच्या रूपात वाजवला. १९३८ मध्ये जी रचना लोकांनी नाकारली होती, तिचे सोळा वर्षांनी असे चीज झाले. ती ऐकून शोस्ताकोविच इतके भारावले, की आपणही या वाद्यासाठी लिहावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९५९ मध्ये त्यांनी आपला पहिला चेलो कन्चेर्टो लिहिला. तोही रोस्त्रोपोविचनेच प्रथम वाजवला. अशा रीतीने एका दिव्याने दुसरा दिवा लागला. १९४८ चा तो अन्यायकारक ठराव चुकीचा होता, हे पक्षाला १९५८ मध्ये मान्य करावे लागले. रोस्त्रोपोविच पुढे जगप्रसिद्ध झाला. २००७ मध्ये त्याचे निधन झाले, तोपर्यंत त्याने देशोदेशींच्या शिष्यांना हे संगीत शिकवले होते.

मुलांनो, प्रोकोफिएव्ह यांच्या आयुष्यात चूक दाखवणारे दोन प्रकारचे लोक आले. सत्ताधाऱ्यांनी त्यांना धमकावून चूक कबूल करायला लावली. त्याने संगीत सुधारले नाही. फक्त माणसे दुखावली. विशीतल्या एका वादकाने मात्र त्यांची रचना मनापासून वाजवली आणि तिच्यातली उणीव त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू आली. तीच उणीव त्यांनी पुढे भरून काढली.

आपल्या वहीतले उत्तर चुकले म्हणजे ते पान फाडून टाकावे, असे आपल्याला वाटते. कधी दुसऱ्याच्या माथी दोष मारावासा वाटतो. अशा वेळी निकोलिना गोराच्या त्या घराची आठवण करा. एक आजारी, मोठ्या नावाचा माणूस आपली जुनी, फसलेली वही उघडून बसला आहे. त्याच्यासमोर चेलो घेऊन एक तरुण बसला आहे. ते कालचे पान फाडत नाहीत. ते पुन्हा लिहीत आहेत.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात लिहा.
(अ) सर्गेईने आपल्या पहिल्या धूनला कोणते नाव दिले?
(आ) चेलो कन्चेर्टो लिहिण्याचा आग्रह कोणी केला?
(इ) ‘सिंफनी-कन्चेर्टो’ कोणाला अर्पण केला आहे?

२. कारणे लिहा.
(अ) चेलोसाठी कन्चेर्टो लिहिणे अवघड मानले जाते.
(आ) विद्यालयातील सोबती सर्गेईवर चिडले.
(इ) प्रोकोफिएव्ह यांच्या अंत्ययात्रेला फुले मिळाली नाहीत.

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
गळ्यातला ताईत असणे, तोंडात बोटे घालणे, पाठ फिरवणे, हातपाय गाळणे, चीज होणे.

४. तुम्ही एखादे काम चुकल्यावर ते पुन्हा केले असेल, तर तो अनुभव आठ-दहा ओळींत लिहा.